ओरगडमच्या आराखड्यात न बसणारी पातळ फिल्म

४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईच्या आयआयटी मुंबईत ‘नेक्सकार-१९’ या पहिल्या स्वदेशी कार-टी पेशी उपचाराचे लोकार्पण केले, तेव्हा सर्वाधिक चर्चा झाली ती किमतीची. परदेशात तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जाणारा रक्ताच्या कर्करोगावरील उपचार इथे त्याच्या सुमारे दशांश खर्चात होणार होता. आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधकांनी हे करून दाखवले, याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु दशांश म्हणजे तरीही काही दशलक्ष रुपये. परळच्या पदपथावर मुक्काम टाकून उपचारांची वाट पाहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने तीन कोटी आणि तीस लाख यांत फारसे अंतर नाही. किंमत आणखी खाली यायची असेल, तर ती पेशींच्या ज्ञानातून जेवढी येईल तेवढीच पेशी ज्यात वाढतात त्या भांड्यातून यावी लागेल, आणि त्या भांड्याविषयी आपल्या उद्योगनीतीत एक शब्दही सापडत नाही.

हे भांडे म्हणजे काय, ते सांगायला हवे. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनातून त्यांच्यात नवे जनुक घालतात आणि मग त्या कोट्यवधींच्या संख्येत वाढवतात. वाढणाऱ्या पेशीला अन्न लागते आणि प्राणवायू लागतो. अन्नाचा प्रश्न अवघड नाही, कारण साखर द्रवात हवी तेवढी विरघळवता येते. प्राणवायूचे तसे नाही. शरीराच्या तापमानाला पाण्यात तो इतका थोडा विरघळतो की, रेणूंच्या हिशेबात तो द्रवातील साखरेच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकाही भरत नाही. पेशी तळाशी बसतात, प्राणवायू वरच्या हवेतून झिरपत खाली येतो, आणि थर जरा जाड झाला की तळाच्या पेशी गुदमरतात. म्हणून पॉलिस्टायरीनच्या नेहमीच्या भांड्यात द्रव दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त ओतता येत नाही. ताटात वरण पसरावे तसा तो पसरावा लागतो. एका रुग्णासाठी अशी अनेक भांडी, प्रत्येकातील द्रव वारंवार बदलणे, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडताना जंतुसंसर्गाची टांगती तलवार.

यावरचा उपाय ऐकायला अगदी साधा आहे: प्राणवायू खालून द्या. भांड्याचा तळच अशा पदार्थाचा करा की द्रव अडेल, पण वायू आरपार जाईल. सिलिकोन रबराच्या पातळ पटलातून पॉलिस्टायरीनच्या तुलनेत शेकडो पटींनी अधिक प्राणवायू जातो. अमेरिकेत मिनेसोटातील विल्सन वुल्फ या कंपनीची ‘जी-रेक्स’ भांडी याच तत्त्वावर चालतात. पेशी थेट प्राणवायूच्या स्रोतावर बसतात, त्यांच्यावर दहा सेंटिमीटर उंचीचा द्रव उभा राहू शकतो, आणि एरवी डझनावारी भांड्यांत होणारे काम एका भांड्यात, फारशी हाताळणी न करता होते. वायुपारगम्य पिशव्यांचेही तत्त्व हेच.

मात्र ही फिल्म बनवणे साधे नाही. मिलिमीटरच्या अंशाएवढ्या जाडीत एकही सूक्ष्म छिद्र चालत नाही. फिल्ममधून द्रवात काय काय उतरते हे मोजून नोंदवावे लागते, आणि पहिल्या खेपेतील माल व शंभराव्या खेपेतील माल यांत पेशीला फरक जाणवता कामा नये. सिलिकोनमधून प्राणवायू जातो तशी पाण्याची वाफही जाते. शिवाय काही औषधी रेणू ते स्वतःतच शोषून घेते. फ्लुओरोपॉलिमरच्या फिल्ममध्ये हे दोष कमी, पण ती महाग, जोडायला कठीण, आणि आता वादग्रस्तही. ‘पीफास’ या चिवट रसायनांच्या कुळातील उत्पादन २०२५ अखेर थांबवण्याचे थ्रीएमने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, तेव्हा एका कंपनीच्या निर्णयाचे हादरे किती दूरवर जाऊ शकतात हे दिसले.

असा हादरा आपण पुण्यात अनुभवला आहे. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, सीरम इन्स्टिट्यूटचे अदर पूनावाला यांना कच्च्या मालावरील निर्यातबंधने उठवण्याची विनंती थेट अमेरिकी अध्यक्षांना जाहीरपणे करावी लागली. जगातील सर्वांत मोठा लसउत्पादक त्या वेळी अडला होता तो गाळण्या आणि एकदा वापरून टाकून द्यायच्या पिशव्यांसारख्या वस्तूंसाठी. लस बनवण्याची विद्या आपल्याकडे होती. नव्हते ते प्लास्टिक. त्या प्रसंगाची आठवण आपण राजनैतिक यश म्हणून ठेवली. औद्योगिक धडा म्हणून तो फारसा कोणी वाचला नाही.

आता ओरगडमकडे वळू. चेन्नईच्या नैर्ऋत्येला, कांचीपुरम जिल्ह्यातील हे गाव मोटारगाड्यांमुळे जगाच्या नकाशावर आले. रेनॉ-निसान, डेमलरचे भारतबेंझ, रॉयल एनफिल्ड, अपोलो टायर्स हे सारे तिथे काही कोसांच्या परिघात आहेत. केंद्राने २०२० मध्ये वैद्यकीय उपकरण उद्यानांची योजना आखली, सोळा राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी प्रस्ताव पाठवले आणि त्यातून चार निवडले गेले: हिमाचल प्रदेश, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि तमिळनाडू. महाराष्ट्र त्यात नाही. तमिळनाडूच्या सिपकॉट महामंडळाने ओरगडममध्ये सुमारे ३५० एकर जागा त्यासाठी ठरवली. प्रत्येक उद्यानाला केंद्राकडून कमाल १०० कोटी रुपये, तेही सामायिक सुविधांसाठी.

माझ्या मते वायुपारगम्य फिल्मसाठी देशात याहून योग्य जागा शोधूनही सापडणार नाही. रबर आणि पॉलिमर हाताळणारे कुशल कामगार तिथे एका पिढीपासून आहेत, साचे बनवणारे आहेत, शेजारी बंदर आहे, आणि गिंडीला १९६८ पासून ‘सिपेट’ ही प्लास्टिक अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था आहे. मोटारीच्या इंजिनात सिलिकोनची नळी बसवणारा कारखानदार उद्या पेशींसाठी फिल्म काढील, असा भाबडा दावा मी करत नाही. दोहोंमधले अंतर यंत्रांपेक्षा शिस्तीचे आहे. पण ते अंतर कापता येते, याचा पुरावा याच दक्षिणेत आहे.

एके काळी भारतात रक्त काचेच्या बाटल्यांत साठवले जाई. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या कारकिर्दीत रक्तपिशवीचे तंत्र विकसित झाले. भारतीय प्रशासकीय सेवा सोडून आलेल्या सी. बालगोपाल यांनी ते घेऊन पेनपोल ही कंपनी उभारली. पुढे जपानची तेरुमो तीत भागीदार झाली, आणि आज ती जगातील मोठ्या रक्तपिशवी उत्पादकांत गणली जाते. इथे एक तपशील मुद्दाम सांगण्याजोगा आहे. रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, जिवंत असतात आणि श्वास घेतात. पूर्वी त्या तीन दिवसच टिकत. अधिक प्राणवायू आत येऊ देणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्यावर पाच दिवस टिकू लागल्या. डेंग्यूच्या हंगामात ज्यांनी प्लेटलेट्ससाठी धावाधाव केली आहे, त्यांना त्या दोन दिवसांची किंमत कोणी समजावून सांगायला नको. म्हणजे वायुपारगम्य प्लास्टिक ही आपल्यासाठी परग्रहावरची वस्तू नाही. तिची धाकटी भावंडे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीत हेलकावे घेत असतात.

मग अडते कुठे? वर्गवारीत. वैद्यकीय उपकरणांसाठीची ३,४२० कोटींची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना कर्करोग-किरणोपचार, प्रतिमातंत्र, भूल व हृदय-श्वसन, मूत्रपिंड आणि शरीरात बसवायची साधने यांच्यासाठी आहे. पेशी वाढवण्याची पिशवी रुग्णाला लावली जात नाही, म्हणून ती उपकरण नाही. ती औषधही नाही. आणि रसायन म्हणावे तर तिचा खप इतका लहान की रसायन खात्याला ती दिसतच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘बायोई-३’ धोरणात अचूक जैवउपचारांचा उल्लेख आहे, हे चांगलेच. पण ते धोरण एका विभागाचे, उद्यान दुसऱ्याचे आणि प्लास्टिक तिसऱ्याचे.

यावर अर्थतज्ज्ञ मित्र हमखास एक आक्षेप घेतात: वर्षाकाठी काही टनांची मागणी असलेली वस्तू देशात कशाला बनवायची, आयात करा. आक्षेप पोकळ नाही. आज भारतात कार-टी घेणाऱ्या रुग्णांची संख्या पाहता कोणताही शहाणा उद्योजक केवळ देशी बाजारावर विसंबून यात पैसे घालणार नाही. सिलिकोनचा मूळ कच्चा मालही प्रामुख्याने बाहेरूनच येतो. पण या हिशेबातून एक गोष्ट सुटते. पेशी उपचाराला परवानगी मिळते ती संपूर्ण प्रक्रियेला, पिशवीसकट. नंतर पिशवी बदलायची तर पेशी तशाच राहिल्या हे नव्याने सिद्ध करावे लागते, आणि तो खर्च पिशवीच्या किमतीहून कितीतरी मोठा असतो. त्यामुळे आज जी पिशवी प्रक्रियेत शिरेल ती दीर्घकाळ तिथेच राहील. देशी पुरवठादार दहा वर्षांनी आला, तर त्याला दार बंद मिळेल.

जमीन आणि विजेची सवलत यावर उतारा नव्हे. एक रुपया चौरस मीटरने जमीन आणि तीन रुपये युनिटने वीज देण्याच्या अटी राज्याला तोट्याच्या आहेत, असे म्हणत हिमाचल प्रदेशाने २०२४ मध्ये केंद्राचे ३० कोटी रुपये परत करण्याचा निर्णय घेतला. मला तो हिशेब पटला. स्वस्त जमिनीने गोदामे येतात. फिल्म बनवणाऱ्याला हवी असते ती सामायिक चाचणी प्रयोगशाळा, जिथे उतरणाऱ्या अंशांची तपासणी जगभर मान्य होईल अशा दर्जाची असेल आणि तिचा भार एकट्या छोट्या कारखान्यावर पडणार नाही. आपण हे पूर्वी केले आहे. तुर्भ्याच्या ‘आयसोमेड’मध्ये १९७४ पासून गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तूंचे निर्जंतुकीकरण होते, स्वतःचे विकिरण केंद्र उभारण्याची ऐपत नसलेल्या उत्पादकांनाही त्या एका सरकारी सुविधेचा आधार मिळाला.

दुसरी गरज आहे पहिल्या ग्राहकाची. टाटा स्मारकासारख्या सार्वजनिक संस्था आणि पेशी उपचारांना अनुदान देणारा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून एकच तांत्रिक विनिर्देश ठरवावा आणि तो पूर्ण करणाऱ्या देशी फिल्मच्या काही वर्षांच्या खरेदीची लेखी हमी द्यावी. नव्या उपचारांच्या चाचण्या सुरू होतानाच तिची तुलना परदेशी भांड्याशी करून पाहावी, कारण त्या टप्प्यावर बदल स्वस्त असतो. ओरगडमच्या आराखड्यात सामायिक सुविधांसाठी जे १०० कोटी आहेत, त्यांतील किती वाटा पॉलिमर चाचणीला द्यायचा हे तमिळनाडू सरकार ठरवू शकते, आणि त्यासाठी दिल्लीत नवे धोरण लिहिले जाण्याची वाट पाहावी लागत नाही.