प्रजेचे नागरिक झाले काय?

१ मार्च १९४९ रोजी करवीर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दोन शतकांहून अधिक काळ छत्रपतींच्या गादीच्या नावाने चाललेला कारभार त्या दिवशी लोकसत्तेच्या स्वाधीन झाला, आणि त्यासाठी रणांगण पेटवावे लागले नाही. हा पालट कसा घडला हे नव्या पिढीस फारसे ठाऊक नाही. आणि तो पुरा झाला की नाही, याचा विचार जुनी पिढीही करीत नाही. म्हणून हा विषय आज हाती घेत आहो.

राज्यकर्त्याची सही झाली की एकतंत्री राज्य संपते, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमच्या मते ती अर्धसत्य आहे. शहाजी छत्रपतींची सही होण्यापूर्वी दहा वर्षे, म्हणजे १९३९ मध्ये, कोल्हापुरात प्रजापरिषद उभी राहिली होती. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आदी मंडळींनी जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करून तुरुंगवास पत्करला. १९४२ मध्ये गारगोटीस हुतात्म्यांचे रक्त सांडले. गांधीवधानंतर जानेवारी १९४८ च्या अखेरीस शहरात जाळपोळ झाली व त्याच वर्षी भारत सरकारला येथे प्रशासक नेमावा लागला. संस्थान राहावे असे मनापासून वाटणारे लोकही शहरात थोडे नव्हते. शांततेचा मार्ग म्हणजे निष्कंटक मार्ग नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

शेजारच्या औंध संस्थानाचे उदाहरण तर याहून बोधप्रद आहे. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्येच आपण होऊन प्रजेस स्वराज्याची घटना दिली. तिचा पाया राजवाड्यात नव्हे, तर गावच्या पंचायतीत घातला होता. आधी गावाने आपले तंटे व आपला खर्च सांभाळावयास शिकावे, मग वरची सत्ता हाती घ्यावी, हे त्यामागील सूत्र होते. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थानांबरोबर औंधही विलीन झाले. पण राज्य करण्याचा धडा तेथील खेड्यांनी त्याआधीच गिरविला होता.

परदेशांचा अनुभवही हेच सांगतो. स्पेनमध्ये फ्रँको १९७५ मध्ये मरण पावला, १९७७ मध्ये निवडणूक झाली, १९७८ मध्ये राज्यघटना आली. तरी फेब्रुवारी १९८१ मध्ये सशस्त्र शिपाई लोकसभागृहात घुसलेच. तो कट फसला, परंतु कागदावरील लोकशाहीस किती जपावे लागते हे जगास दिसले. चिलीत १९८८ च्या लोकमताने पिनोशेस नकार दिला व १९९० मध्ये त्याने अध्यक्षपद सोडले. सैन्याचे सेनापतीपद मात्र १९९८ पर्यंत त्याच्याच हाती राहिले. सत्ता दाराने बाहेर जाते आणि खिडकीत बसून राहते, ती अशी!

आता आपल्या घरात पाहू. कोल्हापुरास नगरपालिका १८५४ पासून आहे व महानगरपालिका १९७२ पासून. ७४ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट बंधन घातले आहे की, अशा संस्थेची पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी पुढील निवडणूक झाली पाहिजे. तथापि येथील सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली पाच वर्षे प्रशासकाची. प्रथम साथीचे कारण, मग आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचना. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास आज्ञा करावी लागली. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी पेठांत शिरले, तेव्हा ज्याच्या दारी जाऊन जाब विचारावा असा निवडून दिलेला माणूस एकाही प्रभागास नव्हता.

कोणी म्हणतील, प्रशासक कामसू असला म्हणजे झाले. नगरसेवकांच्या भांडणांपेक्षा ते बरे. या आक्षेपास उत्तर करवीरच्याच इतिहासात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. असा राजा क्वचितच कोणा नगरास लाभतो. तरीही त्याच नगराने पुढे जबाबदार राज्यपद्धती मागितली, आणि ती मागण्यात शाहूभक्त बागल अग्रभागी होते. एका सज्जनाच्या आयुष्यावर टांगलेला सुकारभार उद्या कोणाच्या हाती जाईल याची शाश्वती नसते, हे त्यांनी ओळखले होते. जो न्याय राजाला, तोच प्रशासकाला. नगरसेवक वाईट निघाले तर पाच वर्षांनी घरी बसविता येतात. प्रशासकास बसविण्याची वा उठविण्याची सत्ता नागरिकांकडे नाही.

आम्हांस याहून अधिक खेद वाटतो तो पाच वर्षांत नागरिक स्वस्थ राहिले याचा. घरफाळा वेळेवर भरणारा व्यापारी हिशेबात एक पैसा चुकला तर रात्र जागवितो; पण आपला मताचा हक्क पाच वर्षे थकला, याची नोंद त्याने कोणत्या वहीत केली?

निवडून आलेल्या या सभागृहाची मुदत २०३१ साली संपेल. त्याआधी एक वर्ष प्रभागरचना व आरक्षण यांचा निकाल लागलाच पाहिजे, असा आग्रह व्यापारी संघांनी व पेठापेठांतील तालीम-मंडळांनी आजपासून धरावा. दरवर्षी अंदाजपत्रकापूर्वी प्रभागसभा भरवावी व नगरसेवकाकडून खर्चाचा हिशेब मागावा. यास न मोर्चा लागतो, न तुरुंगवास. लागते ती केवळ चिकाटी. १९४९ मध्ये गादीने आपले काम केले. नागरिकांच्या वाट्याचे काम मात्र कोणत्याही करारनाम्याने पुरे होत नसते. ते दर पाच वर्षांनी नव्याने करावे लागते.