झलक पाहिल्याशिवाय पान पाठवू नका

बुलढाणा, खामगाव, मलकापूरकडच्या संगणक शिकणाऱ्या मुलांशी बोलताना एक समज वारंवार भेटतो. ओपन सोर्स म्हणजे कोड लिहिणे, आणि ते पुण्या-बंगळुरूच्या लोकांचे काम. पण ते सॉफ्टवेअर वापरायचे कसे, हे सांगणारी पानेही कुणाला तरी लिहावी लागतात. याच डॉक्युमेंटेशनमध्ये आपल्या मुलांची खरी गरज आहे, असे माझे मत आहे.

ही पाने साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितात. मग स्फिंक्ससारखे साधन त्यातून वेबपान किंवा पीडीएफ तयार करते. याला बिल्ड करणे म्हणतात. जॉर्ज ब्रान्डल यांनी पायथॉनच्या माहितीपानांसाठी स्फिंक्स बनवले आणि २००८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. लिनक्स कर्नलनेही २०१६ पासून तेच वापरायला सुरुवात केली.

बिल्ड करताना तुटलेला दुवा किंवा चुकलेली खूण असेल तर साधन इशारा देते. पण ‘बिल्ड यशस्वी’ असा संदेश आला म्हणजे पान वाचता येते, असे नाही. उर्दू मजकुराची दिशा उजवीकडून डावीकडे ठरवून दिली नसेल, तर वाक्याची मांडणी बिघडू शकते. पीडीएफमध्ये देवनागरीची मांडणी नीट जुळवली नसेल, तर ‘विद्यार्थी’तली पहिली वेलांटी ‘व’च्या मागे पडते आणि जोडाक्षरे सुटी होतात. निवडलेल्या फाँटमध्ये अक्षरच नसेल, तर त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. या चुकांनी बिल्ड अडेलच असे नाही. आणि जर्मनीत किंवा अमेरिकेत बसून ते पान तपासणाऱ्या स्वयंसेवकाला ती लिपीच येत नसेल, तर त्याला चूक दिसणार कशी?

कुणी म्हणेल, ‘रीड द डॉक्स’सारख्या सेवा प्रत्येक बदलाची झलक आपोआप तयार करून देतात, मग आपल्या लॅपटॉपवर बिल्ड कशाला? सोय चांगलीच आहे. पण ती झलक बहुधा काम पाठवल्यानंतर मिळते. स्वतःच्या यंत्रावर साधन एकदा बसवले, की ‘मेक एचटीएमएल’ ही एक आज्ञा पुरते. तयार पान इंटरनेट नसतानाही ब्राउझरमध्ये उघडते. नेट मध्येच जाणाऱ्या तालुक्यातल्या मुलाला हीच वाट परवडते. शिवाय आपले कच्चे काम दुसऱ्याला तपासायला लावणे हे फुकट राबणाऱ्या माणसाच्या वेळेवर अन्याय करणे आहे.

उर्दू शाळेत शिकलो म्हणून आपण मागे पडलो, असे आपली मुले फार लवकर मानतात. या कामात ते शिक्षणच उपयोगाचे आहे. दोन्ही लिप्या सराईतपणे वाचणारे डोळे सॉफ्टवेअरच्या जगात कमीच आहेत. म्हणून मुलांनो, एखाद्या प्रकल्पाचे एक पान घ्या, दुरुस्त करा, बिल्ड करा आणि ओळ न् ओळ वाचून मगच पाठवा.