यंदा आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ जिंकेल का?

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठांचा जीव. पाटाकडील-दिलबहार सामन्याला शाहू स्टेडियम गजबजून जातं. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

आमच्या कॉलेजच्या संघाचं यंदा काय? बचावफळी भक्कम आहे, मधली फळीही छान जमलीय. पण शेवटच्या वर्षाची तिघं सरावाला येत नाहीत. "सर, घरचे नको म्हणतात, परीक्षा आहे." त्यात आमचा गोलरक्षकही आहे!

मला वाटतं, या हंगामाचा निकाल मैदानाआधी घरातच लागणार. पालकांनो, संध्याकाळचा एक तास पोरांना द्या. बुडालेले तास भरून काढायचं आम्ही शिक्षक बघू. नाहीतर संघ हरल्यावर पोरांना बोल लावायचा हक्क आपल्याला उरत नाही.