नुसतं बघायचे तीनशे?

शनिवारची सकाळ. गाडी काढायला पार्किंगमध्ये गेलो, थोडी मागे घेतली आणि बघतो तर फरशीवर पुन्हा तोच डाग. रुपयाच्या नाण्याएवढा, काळा, चकचकीत. त्यातला 'पुन्हा' महत्त्वाचा. कारण ह्याच डागापायी तीन आठवड्यांपूर्वी मी एका चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये साडेसतरा हजार रुपये मोजून आलो होतो. तेही हसतमुखाने, फीडबॅकमध्ये दहापैकी दहा देऊन!

तिथे काय झालं होतं ते आधी सांगतो. गाडी रॅम्पवर चढवली. अ‍ॅडव्हायझरने खालून टॉर्च मारला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे ओलं दिसलं. "सर, क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आणि उघडतोच आहोत तर क्लचप्लेट पण टाकून घ्या." एकूण तपासणी दीड मिनिट. मला अकराच्या कॉलला बसायचं होतं, मी मान डोलावली. सील काही शे रुपयांचं, बाकी सगळी मजुरी आणि (तोपर्यंत ठणठणीत असलेली) क्लचप्लेट.

तीन आठवडे फरशी कोरडी होती, कारण काम करताना त्यांनी इंजिन खालून स्वच्छ धुतलं होतं. म्हणजे मी साडेसतरा हजारांत इंजिनाला आंघोळ घालून आणली.

रागारागात गाडी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या मिस्त्रीकाकांकडे नेली. टपरीएवढं गॅरेज. त्यांनी बॉनेट उघडलं, दोन मिनिटं नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "आज काही बदलणार नाही. आज फक्त बघणार. तीनशे रुपये होतील."

आणि मी काय म्हणावं? "काका, नुसतं बघायचे तीनशे?"

"साहेब, न बघता घेतले असते तर जास्त घेतले असते."

गप्प बसलो. काकांनी आधी आल्टरनेटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. थंड इंजिन ब्रशने घासून, पुसून कोरडं केलं. मग माझ्या घरून टाल्कम पावडरचा डबा मागवला. (बायकोचा चेहरा बघण्यासारखा होता.) संशयाच्या सगळ्या जोडांवर पावडर भुरभुरवली आणि म्हणाले, "एक चक्कर मारून आणा. हायवेला नको, इथेच." अर्ध्या तासाने आलो. स्कूटरच्या फुटक्या आरशाचा तुकडा एका तारेला लावलेला होता, तो त्यांनी इंजिनाच्या मागे सरकवला. पांढऱ्या पावडरीवर एक काळी, बारीक ओघळ. सुरुवात कुठून? अगदी वरून, टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून. तिथलं पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं. तेल तिथून निघून इंजिनाच्या पाठीवरून खाली येत होतं आणि नेमकं त्या जोडापाशी थेंब थेंब पडत होतं.

ह्यात जादू काही नाही. तेल वरून खाली वाहतं आणि गाडी चालत असली की वारा त्याला मागे ढकलतो. म्हणजे थेंब जिथे पडतो ती गळतीची जागा नसते, तो तिचा शेवटचा स्टॉप असतो. स्वारगेटला उतरलेल्या माणसाला "तुम्ही स्वारगेटचेच का?" असं विचारण्यात जो शहाणपणा आहे तोच खालून टॉर्च मारून सीलचं निदान करण्यात आहे. गळती शोधायचा पहिला नियम एवढाच: आधी स्वच्छ करा, मग ओलं दिसेल त्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा गाठा.

आता कुणी म्हणेल, सर्व्हिस सेंटरवाले चोर आहेत, त्यात नवीन काय! माझं म्हणणं तसं नाही. कधी कधी मागचं सील खरंच गेलेलं असतं. आणि तो अ‍ॅडव्हायझर चोर नव्हता, त्याच्या डोक्यावर दिवसभरात ठरावीक गाड्या उरकायचं ओझं होतं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. घरी येऊन ते बिल पुन्हा काढून बघितलं. पार्ट, पार्ट नंबर, काढण्या-बसवण्याची मजुरी, कर. 'शोधण्याचे' असा रकानाच नाही. जो बदलेल त्याला पैसे, जो शोधेल त्याला शून्य. अशा ठिकाणी कोण कशाला शोधेल? आणि मंडळी, ते बिलिंगचं सॉफ्टवेअर आपल्यासारख्याच कुणीतरी लिहिलंय.

तिथे कॉम्प्युटर लावून स्कॅनही केलं होतं. 'नो फॉल्ट'. असणारच. पॅकिंगच्या बाहेर तेल पाझरतंय हे सांगणारा सेन्सर गाडीत नसतो. ऑइलचा तो लाल दिवासुद्धा बहुतेक गाड्यांत तेलाचा दाब पडल्यावर लागतो, पातळी कमी झाल्यावर नाही. तो लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. त्याआधी कळायला डिपस्टिकच बाहेर काढावी लागते. पण हात काळे कोण करणार?

आपल्या धंद्यात तरी काय वेगळं आहे? सर्व्हर हळू चालतो, मेमरी गळतेय हे सगळ्यांना माहीत असतं. उपाय काय? रोज रात्री तीन वाजता आपोआप रीस्टार्ट. म्हणजे पुन्हा आंघोळच. आणि जो बिचारा दोन दिवस लॉग चाळत बसतो त्याला सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारतात, "पण तू केलंस काय?"

टोयोटाच्या तायिइची ओनोंनी १९७८ साली आपल्या उत्पादनपद्धतीवर पुस्तक लिहिलं. त्यात 'पाच वेळा का विचारा' हे सांगताना दिलेलं उदाहरण योगायोगाने वंगणाचंच आहे. मशिन बंद पडलं, कारण फ्यूज उडाला. फ्यूज उडाला, कारण बेअरिंगला वंगण पुरत नव्हतं. पुरत नव्हतं, कारण पंप नीट ओढत नव्हता. ओढत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता. आणि झिजला, कारण गाळणी नव्हती, धातूचा कचरा आत जात होता. नुसता फ्यूज बदलला असता तर काही दिवसांनी पुन्हा तेच.

म्हटलं, आपणही विचारून बघू. फरशीवर तेल का? जोडापाशी ठिबकतंय. तिथे का? वरून टॅपेट कव्हरमधून येतंय. तिथून का? पॅकिंग कडक झालंय आणि आतून दाबही जास्त आहे. दाब का? इंजिनात कोंडलेले वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह गाळाने जाम झालाय. (काकांनी तो काढून हातावर ठेवला. हलवला की खुळखुळायला हवा, हा मुका.) गाळ का? हा पाचवा 'का' फार वाईट. कारण मॅन्युअलमध्ये वर्षातून एकदा ऑइल बदला असं छापलेलं असताना, "गाडी फिरतेच कुठे" म्हणून मी पावणेदोन वर्षं ढकलली होती. चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड तापत नाही, वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साठतं आणि त्याचा चिखल होतो. गळतीचा उगम शोधत वर वर गेलो, तर सगळ्यात वरच्या टोकाला मीच बसलेलो! :-)

तर माझं स्पष्ट म्हणणं असं:

१. डाग दिसला की रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. एसीचं स्वच्छ पाणी असेल तर खुशाल झोपा. काळं-तपकिरी असेल तर इंजिन ऑइल. हिरवं किंवा गुलाबी आणि वासाला गोडसर असेल तर बहुधा कूलंट. चाकाजवळ पिवळसर, पातळ, बुळबुळीत दिसलं तर ब्रेक ऑइलची शंका घ्या आणि गाडी जागची हलवू नका.

२. "हे गेलंय" असं कुणी म्हटलं की "कशावरून?" विचारा. धुऊन, चालवून, पुन्हा बघून दाखवा म्हणा. पावडर लावा, नाहीतर ऑइलमध्ये टाकून निळ्या दिव्याखाली चमकणारा रंग वापरा, पण उगम डोळ्यांना दिसल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.

३. आणि बघण्याचे पैसे द्या. घासाघीस न करता. साडेसतरा हजारांना निमूट मान डोलावणारे आणि तीनशेला भांडणारे आपणच आहोत. फुकट निदान मागतो म्हणून आपल्याला महागडी दुरुस्ती मिळते.

पॅकिंग आणि व्हॉल्व्ह काकांनी नाना पेठेतून आणले, ते हजाराच्या आत बसले. पाचशे मजुरी. नवीन ऑइल मी न सांगता भरून घेतलं. शेवटी काकांनी कार्बन घातलेल्या बिलबुकात लिहून दिलं. सगळ्यात वरची ओळ: "तपासणी – ३००".

महिना झाला, पुठ्ठा कोरडा आहे. दर शनिवारी उचलून बघतो. असो. पावडरचा नवा डबा आणायचाय.