हात लावू नये?

काल मुलाच्या शाळेत विज्ञान दिनासाठी सजवलेला वर्ग बघून आलो. भिंतभर फ्लेक्स: सूर्यमाला, डीएनए, रॉकेट. दिसायला झकास! पण पोरांनी बनवलेलं त्यात काहीच नाही, वर पाटी, 'हात लावू नये'. अहो, विज्ञानाला हात लावायचा नाही तर काय, आरती ओवाळायची?

आपली भिवंडीची पोरं यंत्रमागाची खटखट ऐकत वाढलीत. मोटर गोल फिरते, मग मागाची फणी पुढेमागे कशी हलते? क्रँकमुळे. एक जुना धोटा, कांडी भिंतीवर टांगा, शेजारी पोरांनी काढलेली आकृती लावा. आपल्याच तालुक्यात अकलोली, गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. सरांसोबत जाऊन तापमान मोजू दे, त्याचा तक्ता लावू दे. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी काडेपेटी, स्ट्रॉ, टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलंच ना? फ्लेक्सपेक्षा स्वस्तच पडेल.

मागावर राबणाऱ्या बापाच्या कामातही विज्ञान आहे, हे पोराला वर्गाच्या भिंतीवर दिसायला हवं. नाहीतर विज्ञान म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी काम, असंच त्याला वाटत राहणार.

शिक्षक मंडळी, पालकहो, तुम्हाला काय वाटतं?