पहिलं विणकाम चौकोनीच असावं



क्रोशे शिकायला निघालेली बाई पहिल्यांदा काय विणायला घेते, त्यावर ती पुढे विणणार की नाही हे बरंचसं ठरतं, असं माझं मत आहे. आणि बहुतेकजणी नेमकं अवघड तेच घेतात. मोबाईलवर तोरण दिसतं, बाळाचा फ्रॉक दिसतो, गुबगुबीत ससे-हत्ती दिसतात, की लगेच दहा रंगांचे गुंडे घरात येतात. महिन्याभरात ते पिशवीत बांधून माळ्यावर जातात.

ओळखीतल्या एका अक्कांनी सुनेला दिवस गेल्यावर शाल विणायला घेतली. सुई पहिल्यांदाच हातात धरलेली. नात चालायला लागली तरी शाल वीतभरच. आता कुणी विणण्याचा विषय काढला की म्हणतात, "या वयात नाही गं जमायचं आपल्याला." या वाक्याचा मला राग येतो. याच हातांनी त्यांनी तीस वर्षं शेवया-पापड केले. हातांत काही कमी नाही, कामाची निवड चुकली.

मी कॉमर्सची, म्हणून हिशेबाने सांगते. अर्धवट तयार माल ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला मांडतात. घरात मात्र तो जागा अडवतो आणि येता-जाता टोचतो. म्हणून पहिली वस्तू एका गुंड्यात, तीन-चार बैठकांत संपणारी हवी. मापाला दोन बोटं इकडे-तिकडे झालं तरी बिघडायला नको. आणि वाकडी झाली तरी वापरात यावी.

माझ्या मते अशी वस्तू एकच: स्वयंपाकघरातलं चौकोनी फडकं. गरम भांडं धरायला, किंवा ओट्यावर पातेल्याखाली ठेवायला.

दोरा सुती घ्या, मध्यम जाडीचा, आणि फिका. आपली जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात, म्हणून संध्याकाळ मोकळी मिळते खरी, पण दिव्याखाली काळ्या-निळ्या दोऱ्यातले टाके तरुण डोळ्यांनाही दिसत नाहीत. सुई चार मिलिमीटरची. आजीच्या डब्यातली ती बारीक पोलादी सुई रुमालाच्या बारीक दोऱ्यासाठी असते, तिच्यावर शिकू नये. दुकानात "लोकर" म्हणून मिळते ती बऱ्याचदा ॲक्रिलिक असते. हाताला मऊ, स्वस्तही. पण गरम पातेल्याला लागली तर वितळते. खरी लोकर आणि रेशीम याबद्दल आपल्यापैकी अनेकींचा नियम असतो, रेशमाचा तर विशेष, तेव्हा चिठ्ठी वाचूनच घ्यावं. सुती दोऱ्यात दोन्ही प्रश्न मिटतात.

एकतीस साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरुवात करून प्रत्येकीत एक मुका खांब. तीस झाले. काम उलटवा, एक साखळी घाला, पुन्हा तीस. बस्स, इतकंच. नवशिकीचा चौकोन हमखास त्रिकोण होत जातो, कारण ओळीचा शेवटचा टाका निसटतो. त्यासाठी पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा आणि ओळ संपली की मोजा. मोजणं कंटाळवाणं वाटतं, पण वीस ओळी उसवण्याइतकं नाही. कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरकी घडी जुळली की चौकोन झाला. असे दोन विणून एकावर एक शिवले की चटका लागत नाही.

व्हिडिओ बघून शिकत असाल तर एक लक्षात ठेवा: अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. बाई कुठली ते आधी बघा, नाहीतर उगीच स्वतःलाच दोष देत बसाल.

गोल रुमाल का नको, असं विचारतात. गोलात प्रत्येक फेरीला टाके वाढवावे लागतात. कमी वाढवले तर त्याची टोपी होते, जास्त वाढवले तर झालर. टाका हाताला ओळखू येईपर्यंत हे कुठे बिघडलं ते कळतच नाही. ते ससे-हत्ती तर गोलातच, तेही घट्ट टाक्यांनी विणायचे असतात; आपल्या सांध्यांना ते पहिल्याच आठवड्यात नकोसे होतात. तोरणाचं वेगळंच. एक फूल सोपं असतं, पण सारखी पंचवीस फुलं विणायची आणि जोडायची म्हणजे सहनशक्तीची परीक्षा. दिवाळीसाठी हवं असेल तर सध्या विकत घ्या. विणणाऱ्या बाईला चार पैसे मिळतील, आणि हे काम यंत्रावर होत नाही, तेव्हा घासाघीस करू नका.

फडकी झाली की दुसरी वस्तू जपमाळेची पिशवी. तोच चौकोन लांब विणायचा, दुमडायचा, दोन बाजू शिवायच्या आणि वर साखळीची दोरी ओवायची. खांब शिकायचा तो तिसऱ्या वस्तूत, मफलरीत. अक्कांची शाल मी उसवून मागितली आहे. त्यातल्या दोऱ्याच्या त्यांच्याकडूनच दोन-तीन पिशव्या होतील.