संगणकाचे अंगण

मंडळी, या खेपेला थोडी सजावट. १९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिन्टॉशसाठी सुझन केअर या चित्रकर्तीने ३२ बाय ३२ चौकटींत, एकेक चौकट भरून आयकॉन काढले. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीचीच जात ही!

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सहा महिन्यांसाठी इकडे आलेल्या आईवडिलांना इंग्रजी नावांचे फोल्डर सापडत नाहीत, आणि दर वेळी नातवंडांना हाक मारायचा त्यांना संकोच वाटतो. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवी क्लिक करा, मग प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, चेंज आयकॉन. चित्र आयसीओ प्रकारचं हवं. अभंगांना टाळ, फोटोंना गावचं घर. नावही खुशाल मराठीत द्या, चालतं. आमच्या सासूबाई आता टाळेवर क्लिक करून थेट अभंगापाशी पोचतात, कुणाला विचारत नाहीत.

वॉलपेपरला नातवंडांचा फोटो लावणार असाल तर चेहरे उजवीकडे असलेला निवडा. आयकॉन डावीकडून भरत येतात, नाहीतर धाकट्याच्या नाकावर नेमकी कचऱ्याची टोपली बसते!

आणि हो, फुकटचा आयकॉन-संच उतरवलात आणि फाइल ‘ईएक्सई’ निघाली, तर न उघडता पुसून टाका. नुसत्या चित्राला प्रोग्रॅम कशाला लागतो?